तो मेसेज नेहमीचा नसतो

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही दांडिया बाजारात राहतो. हे दोन वर्षांपूर्वी खताच्या कारखान्यातून निवृत्त झाले. फंड, ग्रॅच्युइटी मिळून 42 लाख आले. 15 लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत, 5 बँकेत आणि बाकीचे 22 ह्यांनी शेअर आणि म्युच्युअल फंडात घातले. युद्धाच्या बातम्या सुरू झाल्यापासून 22 चे 18 झालेत. हे सकाळी सव्वानऊला टीव्हीसमोर बसतात ते साडेतीनला उठतात. जेवण तेव्हा. कमाटीबागेत फिरायला जाणं बंद. पुण्याचा मुलगा म्हणतो, बाबा, घाबरू नका, उलट आणखी घ्या, हीच वेळ आहे. वरच्या मजल्यावरचे किरीटभाई म्हणतात, ‘भाव भगवान छे’, आत्ता विकून मोकळे व्हा. डिसेंबरमध्ये मुलीचं लग्न आहे, 8 लाख तरी लागतील. ब्रोकरकडून मधूनमधून मार्जिनचा मेसेज येतो, पण हे म्हणतात तो नेहमीचाच असतो. ताई, विकावं की थांबावं, एवढंच सांगा.

— एक गृहिणी, बडोदे

ताई,

तुमच्या पत्रातली शेवटून दुसरी ओळ मी चारदा वाचली. युद्ध, मुलगा, किरीटभाई, सगळं त्या ओळीपुढे लहान आहे. ज्याने आपल्याच पैशांनी शेअर घेतले त्याला मार्जिन, म्हणजे उधारीच्या सौद्यासाठी ठेवायचं तारण, कमी पडल्याचा मेसेज येत नाही. मेसेज येतो म्हणजे कुठेतरी उधारी आहे. बहुधा ब्रोकरने थोडे पैसे घालून शेअर घेऊन दिलेत, ज्याला ते एमटीएफ म्हणतात. नाहीतर तुमचे यजमान फ्युचर-ऑप्शनमध्ये, म्हणजे थोडं मार्जिन भरून करायच्या पुढच्या तारखेच्या सौद्यांत, उतरलेत. दोन्हीपैकी काय, ते मला इथे बसून कळणार नाही. पण तो मेसेज नेहमीचा नसतो एवढं खात्रीने सांगते, कारण असले निरोप पाठवायचं काम मी स्वतः केलंय.

रावपुऱ्यातल्या आमच्या बँकेच्या शाखेत मी शेअर तारण कर्जाच्या टेबलावर होते. 2008 साल. जानेवारीत सेन्सेक्स 21 हजारांवर जाऊन आला होता आणि जो तो डिमॅटचं स्टेटमेंट घेऊन कर्ज मागायला यायचा. मांडवीत साड्यांचं दुकान असलेले एक गृहस्थ होते, आपल्यापैकीच. शेअर सगळे चांगले, मोठ्या कंपन्यांचे, वडिलांच्या वेळचे. 20 लाखांच्या शेअरवर 10 लाख कर्ज घेतलं आणि दुकान वाढवलं. नियम साधा होता, शेअरच्या भावाच्या निम्मं कर्ज. पुढे त्या 20 चे 14 झाले. 14 च्या निम्मे 7, म्हणजे 3 लाख कमी पडले. आम्ही पत्र पाठवलं. पत्रावर सही माझी.

आता इथे जरा थांबा, पेन घ्या. माणसाला वाटतं 3 लाख कमी पडले तर 3 लाखांचे शेअर विकू, झालं. होत नाही. 3 लाखांचे विकले तर शेअर उरले 11 चे आणि कर्ज 7. 11 च्या निम्मे साडेपाच. म्हणजे अजून दीड लाख कमीच. हिशेब बसायला 6 लाखांचे विकावे लागतात, तेव्हा कुठे 8 च्या शेअरवर 4 कर्ज उरतं. 3 लाखांच्या खड्ड्यासाठी 6 लाखांची माती. आणि हे एकाच साडीवाल्याचं नव्हतं. त्या आठवड्यात मुंबई, अहमदाबाद, राजकोट, इंदूर, जिथे जिथे कुणी उधारीवर शेअर धरले होते तिथे तिथे हेच पत्र गेलं होतं. सगळे एकाच वेळी विकायला आले की भाव आणखी पडतो, तो पडला की आणखी पत्रं जातात. 24 ऑक्टोबरला, दिवाळी चार दिवसांवर असताना, सेन्सेक्स एका दिवसात हजाराहून जास्त अंकांनी पडला आणि 8,701 वर बंद झाला. आमच्या साडीवाल्यांचे शेअर त्याच्या पुढच्या सोमवारी गेले. त्या दिवशी सेन्सेक्स 7,697 पर्यंत खाली गेला होता, त्या साऱ्या पडझडीचा तळ. त्यांनी विकले नाहीत हो, त्यांचे विकले गेले. पुढच्या दोन वर्षांत त्यातले बरेचसे शेअर आपापल्या जागी परत आले. ते माझ्यावर कधी रागावले नाहीत, सूरसागरच्या काठावर भेटले की हात जोडायचे, आणि मला मात्र तोंड फिरवावंसं वाटायचं.

म्हणून मुलगा आणि किरीटभाई जो वाद घालतायत तो मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. विकायचं की थांबायचं हे ठरवण्याचा अधिकार तुमच्या यजमानांच्या हातात आहे का, हे आधी बघायला हवं. उधारी असेल तर तो अधिकार अर्धा ब्रोकरकडे गेलेला आहे. त्यातून संकटाच्या दिवसांत एक गोष्ट मुद्दाम उलटी चालते. बाजार जास्त हेलकावे खायला लागला की एक्स्चेंजच्या हिशेबात धोका वाढतो आणि मागितलं जाणारं मार्जिनही वाढतं. म्हणजे भाव खाली येतोय म्हणून तुमचं तारण कमी होतंय आणि त्याच वेळी मागणी वर जातेय. दोन्हीकडून चिमटा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. लढाई कुठे तरी लांब चाललीय, मग आपल्या फंडाने काय घोडं मारलंय? शेअरचा भाव म्हणजे कंपनीच्या पुढच्या दहा-पंधरा-वीस वर्षांच्या कमाईसाठी आज लोक किती मोजायला तयार आहेत त्याचा आकडा. युद्धाने किंवा साथीने एखाद्या वर्षाची कमाई बुडाली तरी वीस वर्षांच्या हिशेबात ती एक विसांश. पण भाव विसांशाने नाही पडत, त्याच्या कितीतरी पट जास्त पडतो. 2020 मध्ये निफ्टी 20 जानेवारीला 12,430 पर्यंत गेला होता आणि 24 मार्चला 7,511 पर्यंत आला, दोन महिन्यांत 40 टक्के. देशातल्या मोठ्या कंपन्यांची चाळीस टक्के किंमत खरोखर गेली होती का? गेली असती तर नोव्हेंबरात ती कुठून परत आली असती! कमाईपेक्षा जास्त आटली होती ती लोकांची धोका घ्यायची तयारी. एरवी शंभर रुपये देणारा म्हणतो, उद्या काय होईल ठाऊक नाही, मी साठच देईन. त्यात परदेशी संस्थांनी त्या एका मार्च महिन्यात आपल्या बाजारात सुमारे 62 हजार कोटींचे शेअर विकले, आणि जे घेणारे होते ते लांबून बघत बसले. खंडेराव मार्केटात संध्याकाळी पाऊस लागला की भाजीचा जो भाव होतो, तसं. भाजी तीच, गिऱ्हाईक घरी.

म्हणूनच वाईट बातमीपेक्षा अर्धवट बातमीला बाजार जास्त घाबरतो. 1999 मध्ये कारगिलची लढाई चालू असतानाच सेन्सेक्स वर गेला होता. 2022 मध्ये 24 फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्या दिवशी सेन्सेक्स 2,702 अंकांनी पडला आणि दुसऱ्याच दिवशी 1,300 हून अधिक वर आला. लढाई काही एका रात्रीत मिटली नव्हती. आणि 2024 च्या निवडणुकीचं तर तुमच्या डोळ्यांसमोरचं आहे. 3 जूनला एक्झिट पोलच्या आनंदात अडीच हजार वर, 4 जूनला मोजणीच्या दिवशी 4,389 खाली, आणि 7 जूनला 3 जूनच्याही वर बंद. चार दिवसांत देशाचे कारखाने कुठेच गेले नव्हते. ज्याने 4 तारखेला दुपारी घाबरून विकलं तो मात्र गेला.

तुमचे यजमान टीव्हीवर ‘विक्स’ नावाचा आकडा बघत असणार. सर्दीचं औषध नव्हे, इंडिया विक्स. तुम्हीही तो वाचायला शिका, अवघड नाही. निफ्टीचे ऑप्शन म्हणजे एक प्रकारचा विमा, भाव पडला तर भरपाई देणारा. लोक घाबरले की हा विमा महाग होतो, आणि तो किती महाग झालाय त्यावरून विक्स काढतात. आपल्याकडे पावसाळ्यात जो तो आजवा धरणाच्या पाण्याबद्दल ‘आजवाची लेव्हल किती?’ विचारतो ना, तसंच हे. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी आपल्या सोसायट्यांमध्ये शिरली, रस्त्यावर मगरी आल्या, तेव्हा रात्रभर फोनवर तेच चाललं होतं. फरक एवढाच की आजवाच्या आकड्यावरून पाणी कुठे येणार ते कळतं. विक्सवरून भाव वर जाणार की खाली ते कळत नाही. हेलकावा किती मोठा असेल याचा लोकांचा अंदाज फक्त कळतो.

विक्सला साडेतीनने भागा. (बारा महिन्यांचं वर्गमूळ 3.46, बाकी काही जादू नाही.) विक्स 15 असेल तर उत्तर येतं चार-सव्वाचार. म्हणजे तीन महिन्यांपैकी साधारण दोन महिने निफ्टीची हालचाल सव्वाचार टक्क्यांच्या आत राहील, वर किंवा खाली, असा लोकांचा अंदाज. तुमच्या 22 लाखांवर हे झाले 95 हजार. आता मला सांगा, बाजार अगदी शांत असताना, कुठेही लढाई नसताना, महिन्याला 95 हजार इकडेतिकडे होतात हे तुम्हाला कुणी 22 लाख घालताना सांगितलं होतं? विक्स 30 झाला की हेच 1 लाख 90 हजार. 2020 च्या मार्चमध्ये तो 80 च्या वर गेला होता. तेव्हाचं गणित तुम्हीच करा, मी करत नाही, संध्याकाळची वेळ आहे.

आणखी एक. हे वादळी दिवस सुटेसुटे येत नाहीत, घोळक्याने येतात. 13 मार्च 2020 ला सकाळी बाजार दहा टक्के पडून 45 मिनिटं बंद ठेवावा लागला, आणि त्याच दिवशी दुपारी सेन्सेक्स 1,325 अंकांनी वाढून बंद झाला. 23 मार्चला पुन्हा बंद ठेवावा लागला आणि त्या दिवशी सेन्सेक्स 13 टक्के पडला, एका दिवसातली आजवरची सगळ्यात मोठी टक्केवारी. मग 7 एप्रिलला जवळजवळ 9 टक्के वर. सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगले दिवस एकमेकांचे शेजारी. ‘आता बाहेर पडतो, शांत झालं की आत येतो’ म्हणणारा बहुधा वाईट दिवस भोगून बाहेर पडतो आणि चांगला दिवस बाहेरून बघतो. किरीटभाईंना हे सांगा. ‘भाव भगवान छे’ खरं आहे, पण देवळात दर दहा मिनिटांनी घंटा वाजवायची नसते.

मुलाचं म्हणणं ऐकायला गोड आहे, आणि त्याच्या वयाला बरोबरही. तो तिशीचा असेल, पगार चालू असेल, त्याने दर महिन्याला घालावेत. पण ‘बाजार नेहमी परत येतो’ हे वाक्य तो ज्या खात्रीने म्हणतो त्यावर माझा आक्षेप आहे. कोण परत येतं आणि किती दिवसांनी? 2008 च्या जानेवारीतला शेंडा सेन्सेक्सने 2010 च्या दिवाळीत जेमतेम शिवला, मग पुन्हा घसरला, आणि खऱ्या अर्थाने ओलांडला 2013 च्या दिवाळीत. पावणेसहा वर्षं. जपानचा निक्केई 1989 च्या डिसेंबरातल्या शिखरावर परत आला 2024 च्या फेब्रुवारीत. तिशीत घेतलेल्याचे केस पिकून गेले. आणि हे झालं निर्देशांकाचं, ज्यातून मेलेल्या कंपन्या काढून नव्या घातल्या जातात. एकटा शेअर परत येईलच असं काही नाही. 7 जानेवारी 2009 ला सत्यमच्या प्रमुखाने हिशेब खोटे असल्याचं कबूल केलं आणि तो शेअर एका दिवसात 77 टक्के पडला. त्याला युद्ध लागलं नाही की साथ लागली नाही. अशा धोक्यावर थांबणं हा उपाय नसतो. म्हणून यजमानांकडे कोणते शेअर आहेत आणि किती फंडात आहेत, ही यादी वेगवेगळी लिहून काढा. चांगल्या इंडेक्स फंडात असलेल्या पैशाला थांबा म्हणणं सोपं. कुणाच्या टिपवरून घेतलेल्या छोट्या कंपनीच्या शेअरला थांबा म्हणताना माझी जीभ अडखळते. पडत्या बाजारात त्या शेअरला खालचं सर्किट, म्हणजे त्या दिवसापुरती भाव घसरण्याची मर्यादा, लागतं आणि मग विकायला निघालात तरी घेणारा नसतो.

आता तुम्हाला काय करायचं ते.

लग्नाचे 8 लाख. तो पैसा बाजारात असायलाच नको होता, पण झालं ते झालं. डिसेंबरचा मुहूर्त बाजार सावरण्याची वाट बघणार नाही आणि हॉलवाला ‘निफ्टी वर आला की द्या’ म्हणणार नाही. बँकेतले 5 लाख आहेत, पण ते सगळे मोडू नका, घरात दोन माणसं साठीच्या पुढची आहेत. दोन ठेवा, तीन लग्नाला द्या. उरलेले 5 लाख फंडातून काढा, येत्या दोन-तीन महिन्यांत, दोन-तीन हप्त्यांत, बाजार कसाही असो. तोटा होईल. मी काय सांगतेय ते कळतंय मला: 18 टक्के पडलेल्या भावाने विका म्हणतेय. पण आणखी पडला तर लग्नासाठी कर्ज काढाल, आणि पुन्हा त्या पहिल्या टेबलासमोर येऊन बसाल, जिथे मी बसायचे.

उरलेला पैसा, समजा तेरा लाख, पाच-सहा वर्षं लागणार नसेल तर असू द्या. त्याच्याकडे बघू नका. पोस्टाच्या योजनेचं व्याज तिमाहीला येतंच आहे, पेन्शन जी काही असेल ती असेल, घर त्यावर चालतं का ते बघा. चालत असेल तर 22 चे 18 झाले काय आणि 16 झाले काय, तुमच्या शेवउसळीवर तर्रीचा थेंब कमी होत नाही.

पण हे सगळं त्या मेसेजनंतर. आधी उधारी. यजमानांना ‘तुम्ही काय करून ठेवलंत’ असं विचारू नका. साठीच्या माणसाने आयुष्यभराची पुंजी अशी अडकवली असेल तर त्याला ते सांगताना लाज वाटत असते, आणि लाजेपोटीच तो ‘नेहमीचाच मेसेज’ म्हणतो. माझा अनुभव आहे, टेबलाच्या त्या बाजूला बसलेली बहुतेक माणसं बायकोला न सांगता आलेली असायची. तुम्ही फक्त कागद मागा. डिमॅटची नोंद ठेवणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून, व्यवहार झालेल्या महिन्याचं ईमेलवर एकत्रित स्टेटमेंट येतं, त्यात तारण ठेवलेले शेअर ‘प्लेज’ म्हणून वेगळे दिसतात. ब्रोकरच्या ॲपमध्ये ‘लेजर’, म्हणजे खातेवही, असतं, त्यात शिल्लक उणे आहे का बघा. आणि ‘पोझिशन’ नावाच्या पानावर फ्युचर-ऑप्शनचे सौदे उभे आहेत का ते. एवढ्या तीन ठिकाणी उत्तर आहे.

नुसती उधारी असेल तर ती फेडण्यापुरते शेअर तुम्ही स्वतः विका, उद्याच. तुमच्या पसंतीचे, सगळ्यात कमजोर आधी. ब्रोकरने विकायची वेळ आणू नका. तो त्याच्या सोयीचे आणि त्याच्या वेळेला विकतो. फ्युचर-ऑप्शन असेल तर वाद न घालता बंद करायला लावा. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2024 मध्ये तीन वर्षांचा हिशेब जाहीर केला होता: या सौद्यांत उतरलेल्या शंभरातल्या 93 सामान्य माणसांनी पैसे घालवले, सगळे मिळून 1 लाख 80 हजार कोटींहून जास्त. उरलेल्या सातांत आपले यजमान आहेत असं प्रत्येक घराला वाटतं.

बोलायची वेळ साडेतीनची निवडा. बाजार बंद झालेला असतो, माणूस भुकेला असतो आणि आकडा आता हलणार नसतो. पान वाढा, वरणभात होऊ द्या, मग विचारा. सकाळी सव्वानऊ ते साडेतीनच्या मध्ये मात्र हा विषय काढू नका, त्या वेळात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, माझंही नसायचं.

तीन कागद मिळाले की मला लिहा. आकडे तसेच्या तसे लिहा, लपवू नका, आणि मेसेजमध्ये ‘शॉर्टफॉल’ (तूट) शब्दापुढे जी रक्कम असेल ती आधी लिहा. नाव याही वेळी छापणार नाही.